अजिंठ्याला जाताना

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघर सहलींचे बेत शिजू लागतात. शाळांच्या सहली निघतात, नात्यातली चार कुटुंबे मिळून एखादी गाडी ठरवतात, आणि मग कागदावर यादी होते. पहिल्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा, रात्री परतीचा प्रवास. फार चांगली गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांचे काम आपल्या डोळ्यांनी पाहावे असे ज्याला वाटते त्याला कोण कशाला अडवील? पण तुम्ही बॅगा भरण्यापूर्वी एक गोष्ट तुमच्या कानांवर घालायची आहे. अजिंठ्याच्या चित्रांना आज ज्या गोष्टींपासून जपावे लागते त्यांत एक आहे तुमच्या-आमच्यासारखा पाहुणा. भिंतीवर नाव कोरणारा उपद्रवी पाहुणा तर आहेच; पण हात मागे बांधून, आदराने, गुपचूप उभा राहणारा पाहुणाही त्यात आला.

हे कसे, ते समजायला ती चित्रे कशावर काढली आहेत ते आधी पाहिले पाहिजे.

वाघोरा नदीने डोंगरात घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या उभ्या कड्यात लहानमोठी, पुरी-अपुरी धरून तीस लेणी आहेत. त्यांतली थोडी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली आणि बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, म्हणजे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाच्या आसपासची. दगड आपला नेहमीचा काळा, खडबडीत बेसाल्ट. त्यावर रंग थेट बसत नाही. म्हणून कारागिरांनी काय केले, तर मातीत वाळू, भाताचे तूस, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू कालवून तिचा गिलावा खडकावर थापला. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि मग चित्र. रंग बहुतेक मातीतले नाहीतर दगडातले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. हे रंग खळीत किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून कोरड्या पृष्ठावर लावलेले आहेत. युरोपातल्या भित्तिचित्रांसारखे ते ओल्या चुन्यात मुरलेले नाहीत.

म्हणजे पहिल्या लेण्यातला तो पद्मपाणी, ज्याचे चित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिले असेल, तो खडकावर नाही. खेड्यातल्या घराच्या सारवलेल्या भिंतीवर आहे असे समजा. आणि सारवलेल्या भिंतीचे दुखणे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. ओल आली की ती फुगते, वाळली की आकसते, शेवटी पोपडा सुटतो. तुसाला आणि गवताला कीड लागते. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले, आणि त्यामुळे तिथे किडीचा उपद्रव कमी झाला असावा, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात म्हटले आहे. अजिंठ्याच्या गिलाव्याला ते संरक्षण लाभले नाही. त्यात वटवाघळांची घाण, आणि पावसाळ्यात डोंगरातून झिरपणारे पाणी. इतके सगळे सोसून दीड हजार वर्षे ही चित्रे राहिली, याचे मोठे कारण म्हणजे तिथे फारसे कोणी जात नव्हते.

मग 28 एप्रिल 1819 हा दिवस उजाडला. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या दरीत आला आणि त्याला दहावे लेणे दिसले. आसपासच्या माणसांना जागा ठाऊक होतीच; बाहेरच्या जगाला ती या माणसामुळे कळली. आणि त्याने तिथे पहिले काम काय केले? आपले नाव आणि तारीख चित्रावर कोरून ठेवली, तीही एका बोधिसत्त्वाच्या अंगावर. ती अक्षरे अजून तिथे आहेत. ती आपल्या डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात पुरुषभर गाळ साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. किल्ल्याच्या तटावर रंगाने आपले आणि कुणा दुसऱ्याचे नाव लिहिणारे आपले तरुण या साहेबाचेच वारस म्हणायचे.

स्मिथने जे केले ते बेपर्वाईने. त्याच्यानंतर आलेल्या लोकांची गोष्ट निराळी. ते प्रेमाने आले. रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने 1844 साली चित्रांच्या नकला करायला नेमले. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे त्या दरीत घालवली. त्यांच्या नकला लंडनला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. 1866 च्या आगीत त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बमनजी हे त्यांतले एक. 1872 पासून तेरा वर्षे अधूनमधून हे काम चालले. त्या नकलाही लंडनलाच गेल्या, आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. नकला गेल्या त्या गेल्या. पण नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात फिरवला होता, तो मात्र भिंतीवर राहिला.

यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली, इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी अशा दोन तज्ज्ञांना बोलावले. 1920 ते 1922 या काळात त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी बसवला. हे काम झाले नसते तर आज आपण काय पाहिले असते कुणास ठाऊक. पण रंग पक्के व्हावेत म्हणून त्यांनी लाखेचे रोगण लावले. ते पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि चित्रे त्याखाली काळवंडली. ते रोगण हलक्या हाताने, इंचाइंचाने काढण्याचे काम नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले.

या मंडळींना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्या काळात जे उत्तम ठाऊक होते ते त्यांनी केले. सांगायचे एवढेच की, नाजूक वस्तूवर केलेले प्रेमसुद्धा तिला भोवू शकते. आणि आज ते प्रेम करणारी माणसे एक-दोन नाहीत, वर्षाकाठी लाखांच्या घरात आहेत.

आता तुमच्या-आमच्या श्वासाकडे येऊ. लेणे म्हणजे काय, तर एका बाजूने उघडी अशी दगडी खोली. वारा आरपार जात नाही. सुट्टीच्या दिवशी आपण शे-दीडशे माणसे अशा खोलीत शिरतो. प्रत्येक श्वासाबरोबर थोडी वाफ बाहेर पडते, अंगाची ऊब हवेत मिसळते, पायांनी धूळ उडते. गर्दी निघून गेली की हवा पुन्हा कोरडी होते. सारवलेली भिंत दर तासाला अशी फुगू लागली आणि आकसू लागली, तर तिचे काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नव्हे. फ्रान्समध्ये लास्को नावाची एक गुहा आहे. तिच्यातली बैल-घोड्यांची चित्रे सतरा हजार वर्षांच्या आसपासची मानतात. ती 1940 साली सापडली आणि 1948 साली लोकांसाठी उघडली. प्रेक्षकांची रीघ लागली. पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवे शेवाळ दिसू लागले, आणि 1963 साली सरकारने गुहा बंद केली. ती पुन्हा सामान्य प्रेक्षकासाठी उघडली नाही. लोक आता जवळच बांधलेली तिची प्रतिकृती पाहतात. सतरा हजार वर्षे जे काळाने केले नाही ते पंधरा वर्षांत तिकिटाने केले.

मग काय, अजिंठाही बंद करून टाकावा?

हा प्रश्न सोपा नाही. अजिंठा म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे. ती बौद्धांची पवित्र जागा आहे. दूरदूरच्या देशांतून माणसे तिथे हात जोडायला येतात. पायथ्याच्या फर्दापुरात आणि आसपासच्या गावांत कितीतरी घरांची चूल या लेण्यांवर पेटते. कोणी वाट दाखवतो, कोणी चहा विकतो, कोणी डोंगरात सापडणारे स्फटिक मांडून बसतो. आणि आपल्या खेड्यातल्या शाळेतला मुलगा? त्याने पद्मपाणी पुस्तकातच पाहायचा काय? दार लावून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण ज्यांची ही ठेव आहे त्यांच्याच तोंडावर ते दार लागते.

म्हणून मधला रस्ता काढावा लागला. लेण्यांपर्यंत जाणाऱ्या खाजगी मोटारी आता चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्याशी थांबतात. पुढे बसने जायचे. धूर आणि धूळ दूर राहावी यासाठी ही सोय. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. पायातले काढून आत जायचे. कॅमेऱ्याचा झगझगीत प्रकाश पाडायला मनाई आहे. सोमवारी लेणी बंद असतात. पायथ्याशी पर्यटक केंद्र बांधून पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे अशा चार लेण्यांच्या प्रतिकृतीही तिथे उभारल्या गेल्या. कायदाही आहे. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

पण तुम्हीच सांगा, श्वासावर कोणता कायदा चालणार? दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला आपण काय काय ऐकवतो ते आठवून पाहा. "अहो, इतक्या लांबून आलो, पाच मिनिटं सोडा ना!" "एकच फोटो घेतो!" तो बिचारा एकटा असतो आणि आपण पन्नास असतो. कधी तो नमते घेतो, आणि आपण मोठे काम साधले अशा थाटात आत शिरतो. ते पाच मिनिटे थांबणे म्हणजेच जतन आहे, हे आपल्याला कोणी समजावलेले नसते.

तेव्हा या वेळी जाल तर थोडे निराळ्या रीतीने जाऊन पाहा. जमल्यास सुट्टीचे आणि जोडून आलेल्या रजांचे दिवस टाळा. तीसच्या तीस लेणी पाहण्याचा हट्ट धरू नका. चित्रांची चार-पाच निवडा आणि त्यांना वेळ द्या. बाकीच्या वेळी बाहेर बसून दरी पाहा. पाऊस नुकता संपला असेल तर वाघोरेचा धबधबा पाहा. मुलांना आदल्या रात्री एखादी जातककथा सांगून ठेवा. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची गोष्ट रंगवलेली आहे. सर्वस्व दान करून टाकणाऱ्या त्या राजपुत्राची गोष्ट ठाऊक असली की मूल चित्रात ती शोधू लागते, आणि शोधणारे मूल भिंतीला हात लावत नाही.

आत गेल्यावर लगेच पुढे सरकू नका. पहिल्या क्षणी काहीच दिसणार नाही. उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. थोडे थांबा. मग हळूहळू खांब दिसतात, भिंतीवर एक हात, एक कमळ, झुकलेली मान, खाली पाहणारे डोळे दिसू लागतात. या चित्रकारांनी दिव्याच्या आणि दारातून येणाऱ्या उजेडातच काम केले होते. ज्याने टॉर्च पाजळला त्याला एक चकचकीत तुकडा दिसतो. जो थांबला त्याला चित्र दिसते. म्हणजे जे चित्राच्या हिताचे तेच पाहणाऱ्याच्याही हिताचे आहे. पाहून झाले की दाराशी ताटकळणाऱ्यांसाठी जागा मोकळी करून बाहेर या.

सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा शिलालेख आहे. त्याचा आशय असा की, जगात माणसाची आठवण ताजी असते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो. म्हणून चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे. त्याने आपल्या बाजूचे काम केले. खडक टिकेलही. पण खडकावरची ती बोटभर जाडीची माती, आणि तिच्यावरचा रंग, हा चंद्र-सूर्याच्या हवाली करून चालणार नाही. तो या दिवाळीत तिथे जाणाऱ्या माणसांच्या हवाली आहे. पहारेकरी म्हणाला, "जरा थांबा," तर थांबा. आतली माणसे बाहेर येऊ द्या.