उल्हास : नाव आनंदाचे, पाणी सर्वांचे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शालेय शिक्षण बेताचे. मुंबईत गिरणीच्या साचे खात्यात पाळ्या करता करता जे वाचले तेवढीच शिदोरी. म्हणून आज मोठा विषय घेत नाही, दारातल्या नदीवरच बोलतो.

आपली उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत आणि दहिवली यांच्या मधून वाहत नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला जाते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. उल्हास म्हणजे आनंद. उसळणे, झळकणे हाही त्या शब्दाचा मूळ अर्थ. पावसाळ्यात पुलावर उभे राहा, म्हणजे तो अर्थ कोशात शोधावा लागत नाही!

तिच्या उगमाकडे, राजमाचीच्या कुशीत, कोंढाण्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आपले चैत्य आणि विहार. कान्हाचा शिष्य बलक याचे नाव तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे.

आता नावांची गंमत पाहा. शेजारच्या खालापूरच्या नदीचे नाव पाताळगंगा, पण तिच्यात पाणी येते वरून! लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला आणून १९१५ साली वीज सुरू झाली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ साली भिवपुरीला तसेच झाले. आंध्रा नदीचे, खरे तर पूर्वेला जाणारे पाणी वीज करून पेज नदीत उतरते आणि पेजेतून उल्हासला मिळते. म्हणजे ज्या विजेवर आमचे साचे चालले, तिचे पाणी आपल्याच तालुक्यातून वाहत होते. हे मला गिरणीत कोणी सांगितले नाही, पुस्तकात सापडले.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर ठेवले. घरदार गमावलेल्या माणसांना आपल्या नदीने नाव दिले.

पण बंधूंनो, आनंद नाव असलेल्या याच नदीवर माझी आजी खालच्या अंगाला पाणी भरायची. वरचा पाणवठा दुसऱ्यांचा. वरची धुणी-भांडी, गुरे, सगळे आमच्या हंड्यात. १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याचसाठी.

आज मात्र नीट विचार करा. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण याच नदीचे पाणी पितात. त्यांच्या हिशेबी वरच्या अंगाला कोण आहे? आपण! मग आपल्या कार्यक्रमाच्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, हार नदीत टाकले तर आजीच्या हंड्यात घाण सोडणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

पाण्याचा हक्क आपण लढून मिळवला. आता पाण्याचे कर्तव्यही पाळू. या वर्धापनदिनापासून विहारातली एक पत्रावळही नदीत जाणार नाही, एवढे ठरवून उठा.

जय भीम! नमो बुद्धाय!