शाळकरी मुलांची न्याहारी



आमच्या घरच्याच गोष्टीपासून प्रारंभ करतो. आमचे धाकटे चिरंजीव रोज बशीतील पोहे चिवडीत बसत आणि रिक्षावाल्याची हाक आली की तसेच उठून जात. आम्ही त्यास हट्टी ठरविले. रागे भरलो, प्रसंगी हातही उगारला. पुढे एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यास भोवळ आली, तेव्हा दोष कोणाचा हे उमगले. आम्ही रात्री अकरापर्यंत जागे, म्हणून तोही जागा. आणि झोपेतून ओढून उठविल्यावर पंधरा मिनिटांत त्याने पोटभर खावे, ही आमची अपेक्षा! डोळेही न उघडलेल्या मुलास भूक कोठून लागणार?

आता तो नऊ वाजता निजतो व अर्धा तास आधी उठतो. दप्तर रात्रीच भरलेले असते. नाचणीची आंबील, तूप-गुळाची पोळी, नाहीतर फोडणीचा भात. रात्रीच्या भाताची आम्हांस लाज वाटत नाही. मुख्य म्हणजे, केवळ चहावर बाहेर पडणारे आम्ही आता त्याच्या पंक्तीस बसतो.

मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करून सन २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत अशी सूचना दिली. परंतु आमची थोरली कन्या आठवीत. तिची शाळा सातलाच भरते. घरी पेलाभर दूध व शेंगदाण्याचा एक लाडू, उरलेली न्याहारी मधल्या सुट्टीच्या डब्यात, इतकेच तिच्या बाबतीत अद्याप साधले आहे.