कुंडीतील शेत : श्रावण ते कार्तिक



धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली असंख्य मराठी कुटुंबे आमच्या नवागामात आणि जवळच्या डिंडोली, लिंबायत, उधना या वस्त्यांत राहतात. यांपैकी पुष्कळांचे वाडवडील शेतकरी होते. तापीचे पाणी त्यांच्या खानदेशातूनच वाहत येते व सुरतेजवळ समुद्राला मिळते. नदी अशी मागोमाग आली; शेत मात्र येऊ शकले नाही. त्याच्या जागी आता आहे ती गॅलरीतली दोन हात जागा, नाहीतर गच्चीचा एखादा कोपरा. तेथे तुळस असते, आणि तिच्या शेजारी तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचे एखादे रोप असते. आज मी बोलणार आहे ते या डब्यातल्या शेताविषयी, आणि त्यातही श्रावण ते कार्तिक या चार महिन्यांविषयी.

हेच चार महिने का, असे आपण विचाराल. कारण या काळात एकाच कुंडीवर दोन परस्परविरुद्ध ऋतू येऊन जातात. मघा-पूर्वा नक्षत्रांत पाऊस माती चिंब करून ठेवतो. हस्त सरता सरता तो परत फिरतो, आणि लगेच ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. शेताला हा पालट सोसतो, कारण त्याला खोली असते. जास्तीचे पाणी खाली मुरते. वरची माती सुकली तर मुळे ओल शोधीत खाली जातात. कुंडीत वीतभर मातीखाली तळ लागतो. पावसात मुळे गुदमरतात, कारण मुळांनाही हवा हवी असते. आणि पुढे पंधरा दिवसांत तीच मुळे तापलेल्या पत्र्याला टेकून करपतात. चार दिवसांचे दुर्लक्ष शेत माफ करील, कुंडी करणार नाही. म्हणून कुंडीला नुसती माया पुरत नाही. तिला नेम लागतो.

प्रथम मातीचा विचार करू. गावाहून येताना पुष्कळजण प्रेमाने शेतातल्या काळ्या मातीची पिशवी भरून आणतात. कापसाला ही माती उत्तम, परंतु कुंडीत ती एकटी घालू नये. ओली झाली की ती फुगते व चिकट बनते; सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ऑक्टोबरात आपण तांब्याभर पाणी घालतो, ते कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते, आणि मुळे कोरडीच राहतात. यासाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे. माती कडेपासून सुटलीच असेल तर वरचा थर हलकेच मोकळा करून, थांबून थांबून दोन-तीनदा पाणी द्यावे.

तळाला खडीचा थर घातला म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, अशी एक जुनी समजूत आहे. ती खरी नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच अडून राहते, आणि मुळांच्या वाट्याची माती तेवढी कमी होते. भोके पुरेशी असावीत व भोकावर खापरीचा एखादा तुकडा असावा, एवढे पुरे.

भांडे कोणतेही चालेल. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सुरत हे कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचे शहर आहे. रंग व रसायने यांची रिकामी पिंपे भंगारात स्वस्त मिळतात. खायची भाजी त्यांत कदापि लावू नये. धुतल्याने पिंप स्वच्छ दिसते. परंतु त्यात पूर्वी काय होते व त्यातले किती उरले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. भिजलेल्या मातीची वीस लिटरची बादली तीस किलोंच्याही पुढे भरते, हेही ध्यानात असू द्यावे. अशी बादली कठड्यावर ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

याहून महत्त्वाची गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगची साथ आणि २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा पूर ही सुरतेची दोन्ही संकटे याच दिवसांतली. स्वच्छतेची किंमत या शहराला कोणी नव्याने सांगावयास नको. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, तर आपल्या घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी ताटली कोरडी पडली तरी कित्येक महिने तिला चिकटून जिवंत राहतात. म्हणून ताटली नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासली पाहिजे. पावसाळ्यात तर ती काढूनच ठेवावी.

आता पेरणीचे वेळापत्रक पाहू. ऑगस्टात मिरची, वांगी व टोमॅटो यांचे बी उथळ भांड्यात, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी पेरावे. चार-पाच आठवड्यांनी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, संध्याकाळच्या वेळी रोपे मोठ्या कुंडीत लावावीत. भरताच्या वांग्याला पंधरा-वीस लिटरची बादली हवी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे खानदेशी श्रोत्यांना अभिमानाने आठवत असेल. झेंडूला बियांपासून फुलापर्यंत सुमारे दोन महिने लागतात. दिवाळीच्या तोरणासाठी तो ऑगस्टातच पेरलेला बरा. शेवंती रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळ्या धरते. रात्रभर दिवा जळणाऱ्या जागी तिची कुंडी ठेवली, तर तिला ऋतू पालटल्याचे कळतच नाही व फुले लांबतात. सुरतेच्या उंधियोत पडणारी वालपापडीही अशीच, दिवस लहान झाल्यावर फुलणारी. तिला दोरीचा आधार द्यावा. पाऊस गेल्यावर मेथी, पालक, कोथिंबीर आणि पातीसाठी लसूण लावावा. मेथी चार आठवड्यांत काढता येते. धणे हलकेच रगडून, दोन भाग करून पेरावेत. सप्टेंबरात लावलेल्या टोमॅटोची फळे साधारण नाताळपूर्वी लाल होतात.

पाऊस थांबला की खताची आठवण ठेवावी. इतक्या दिवसांच्या पाण्याने मातीतले अन्न धुऊन गेलेले असते. दर पंधरवड्यास मूठभर कुजलेले खत द्यावे. पाणी सकाळी, तळाच्या भोकातून ठिबकेपर्यंत द्यावे. पण तत्पूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मातीवर सुका पाला किंवा उसाचे पाचट पसरावे, आणि दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाला जुन्या साडीचा पडदा करावा. जुन्या साडीची या शहरात वाण पडू नये!

हे सारे हौसेपुरतेच आहे, असे कोणी समजू नये. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारून, थोडक्या जागेत पालापाचोळ्यापासून कसदार माती घडविण्याचा मार्ग दाखविला. त्या मार्गाने जाऊन प्रीती पाटील यांनी या शतकाच्या आरंभी, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भटारखान्याच्या गच्चीवर, त्याच भटारखान्यातील टाकाऊ भाजीपाल्यावर बाग फुलविली. आपल्याजवळ गच्ची नसेल, एक बादली तर असेल!

आता प्रश्न राहतो तो हा नेम पाळावयाचा कोणी? आई-वडील दोघेही पाळ्यांवर कामाला जातात. त्यांना फुरसत नाही. माझ्या वर्गात मी मुलांना विचारले, "भुईमुगाची शेंग कोठे लागते?" "फांदीला," असे उत्तर आले. ज्याने ते दिले, त्याच्या आजोबांनी आयुष्यभर भुईमूग उपटला होता. आजोबा घरात आहेत. परंतु त्यांना जे ठाऊक आहे ते सांगण्याचा प्रसंग शहरातल्या खोलीत येत नाही. एक कुंडी तो प्रसंग आणू शकेल. बी किती खोल पेरावे, पान का मुरडले, आज पाणी द्यावे की नको, हे आजोबांनी सांगावे आणि नातवाने करावे. सकाळची दहा मिनिटे पुरतात.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घराने या श्रावणात एक कुंडी त्यांच्या आणि मुलाच्या स्वाधीन करावी, एवढीच माझी विनंती.