आजीनं खुडलेले सहा शेंडे

आज कुंडीत स्नॅपड्रॅगन कसं लावायचं ते सांगणारे. नर्सरीत ह्याला 'डॉग फ्लॉवर'ही म्हणतात. फूल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की जबडा उघडतो, सोडलं की बंद.

माझी पहिली दोन वर्षं फुकट गेली. पहिल्या वर्षी मी बी पेरलं मार्चमध्ये. पुण्यातल्या मार्चमध्ये! हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकडचं, त्याला गारवा लागतो. आपल्याकडे हिवाळा एवढाच त्याचा मोसम. सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरात पेरायचं, साधारण तीन-चार महिन्यांनी फुलं, आणि उन्हाळा तापला की खेळ खल्लास. चुकलात तर थेट पुढच्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी वेळ साधली, पण बी मातीखाली गाडलं. हे बी म्हणजे काळी धूळच हो, एका ग्रॅममध्ये हजारो. त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं, बोटानं हलकं दाबायचं, वर काही टाकायचं नाही. पाणीही वरून ओतायचं नाही, बी वाहून जातं. ट्रे थोडा वेळ पाण्यात ठेवायचा, खालून ओल चढते. दहा-चौदा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात.

तिसऱ्या वर्षी ते दिसले! मग मीच पाणी जास्त घातलं आणि बरीच रोपं बुडाशी सडून आडवी झाली. उरली सहा.

त्याच दिवाळीनंतर आजी आमच्याकडे कायमची राहायला आली. आजोबा गेले, गावचं घर बंद झालं. दिवसभर बाल्कनीच्या दाराशी बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. एक दिवस ऑफिसमधून येते तर सहाच्या सहा रोपांचे शेंडे गायब!

मी ओरडले. आता सांगताना लाज वाटते, पण चांगलीच ओरडले.

आजी म्हणाली, "अगं, शेवंतीचा खुडत्यात तसा खुडला. नायतर एकच काठी वर जाईल." पुरंदरला आयुष्यभर शेवंती केलेली बाई ती. मी आत जाऊन मोबाईलवर शोधलं. बरोबर होतं तिचं. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडतात. फूल जरा उशिरा येतं, पण बाजूनं फुटवे फुटून दांडे वाढतात. माफी मागायला गेले तर म्हणे, "ते राहू दे, पाणी कमी घाल."

मग रोज सकाळी तपासणी सुरू झाली. एका रोपाच्या पानांखाली तांबूस पुटकुळ्या दिसल्या. "तांबेरा," आजी म्हणाली, आणि ते रोप मुळासकट पिशवीत घालून फेकायला लावलं. खताच्या डब्यातसुद्धा टाकू दिलं नाही. पानं भिजवायची नाहीत, पाणी सकाळी आणि बुडाशी, हा नियम तेव्हापासून.

जानेवारीत पाच कुंड्या फुलल्या. खालचे मजल्यावरची पोरं जबडे उघडायला रोज वर यायची आणि आजी त्यांना दटावायची, मोठ्यानं.

सुकलेले तुरे कापले की नवे येतात. एक तुरा मात्र आजीनं कापू दिला नाही. त्याच्या बोंडांना वाळल्यावर तीन भोकं पडतात, अगदी कवटीसारखी दिसतात. ते बी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून तिनं उशाशी ठेवलंय. ह्या ऑक्टोबरात पेरायला तीच बसणारे. मला फक्त ट्रे धुऊन ठेवायला सांगितलंय.