संप्रेरकरोधक औषधे : सुरक्षितता आणि सातत्य
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते विवरण अहवालात आहेच. आज मी प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील संप्रेरकरोधक औषधांविषयी बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधयोजना हा माझा प्रांत नव्हे. परंतु या औषधांची सुरक्षितता डॉक्टरांइतकीच घरच्या मंडळींच्या हाती असते, म्हणून हा विषय या सभेपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

या कर्करोगाची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसली जाते, हे शिकागोचे शल्यविशारद डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेच हे वर्ष. या संशोधनाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया हा प्रमुख उपाय होता. १९८० च्या दशकात ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शने आली आणि शस्त्रक्रियेविना तोच परिणाम साधू लागला. फरक एवढाच, की शस्त्रक्रिया एकदाच होते. इंजेक्शन मात्र दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी, पुष्कळदा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. म्हणूनच या उपचाराचा प्राण सातत्यात आहे.

हे सातत्य मुख्यतः तीन कारणांनी तुटते.

पहिले कारण म्हणजे बरे वाटू लागणे. रक्तातील पीएसएचा आकडा खाली येतो, कंबरदुखी थांबते आणि घरात म्हटले जाते, 'आता कशाला?' वास्तविक आकडा खाली आला तो औषधामुळे. इंजेक्शनाची तारीख टळली, तर संप्रेरक पुन्हा वाढू शकते. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असला, तरी दिंडोरी-निफाडच्या शेतकरी बांधवांनी ती तारीख लग्नाच्या मुहूर्ताप्रमाणे पाळावी. काही रुग्णांत डॉक्टर विचारपूर्वक औषधाला विश्रांती देतात. तो निर्णय त्यांचाच असावा.

दुसरे कारण म्हणजे न सांगितलेला त्रास. अंगातून अचानक वाफा येणे, घाम फुटणे, थकवा, वजन वाढणे, कामेच्छा मंदावणे, मन उदास होणे हे या औषधांचे ज्ञात परिणाम आहेत. आपल्याकडील वडीलधारी माणसे याविषयी पत्नीशीही बोलत नाहीत. गुपचूप औषध सोडतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि यांपैकी बऱ्याच त्रासांवर उपायही आहेत. हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम मात्र सहसा जाणवत नाहीत. ते तपासणीतच कळतात. म्हणून रक्तदाब, साखर व हाडांची तपासणी, नियमित चालणे, तंबाखूचा त्याग आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांकडे दुर्लक्ष करू नये.

घरच्या मंडळींनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वरील इंजेक्शनांनी सुरुवातीचे काही दिवस संप्रेरक उलट वाढते. त्या काळात संरक्षण म्हणून बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या देतात. त्या अनावश्यक समजून टाळू नयेत. अबिरॅटेरोनच्या नेहमीच्या गोळ्या रिकाम्या पोटीच घ्याव्यात : आधी दोन तास व नंतर एक तास काही खाऊ नये. जेवणासोबत घेतल्यास त्या औषधाचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते. तिच्यासोबत दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी एकाएकी थांबवू नये. गर्भवती सुनेने वा लेकीने अबिरॅटेरोनच्या गोळ्या उघड्या हाताने हाताळू नयेत. पूर्वी फिट आली असल्यास, किंवा रक्त पातळ होण्याचे औषध, काढा वा चूर्ण चालू असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. इंजेक्शन बाहेरून आणायचे असेल, तर खोक्यावर छापलेले तपमान पाहावे. नाशिकच्या मे महिन्यात ते दुचाकीच्या डिकीत ठेवणे योग्य नव्हे. पायांतील शक्ती अचानक गेली, लघवी अडली, छातीत दुखू लागले अथवा डोळे पिवळे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरे कारण म्हणजे पैसा आणि अंतर. येथे माझा जमाखर्चाचा प्रांत सुरू होतो. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. योजना मोलाची आहे. पण इंजेक्शन घेऊन तासाभरात सुरगाण्याच्या एसटीला बसणाऱ्या रुग्णाला खाट लागतच नाही. त्याला हवी असते पुढच्या तारखेच्या औषधाची आणि प्रवासखर्चाची हमी.

काही गोष्टी अनुकूल घडल्या आहेत. २०१९ साली केंद्र शासनाने कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत ल्यूप्रोलाइडचा समावेश झाला. ज्यांना वारंवार येणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी एकदाच होणारी ती जुनी शस्त्रक्रिया आजही मान्य उपचार आहे. तिच्याविषयी रुग्णाला नीट समजावून सांगितले जावे, निर्णय मात्र त्याचा असावा.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे माझा नम्र प्रस्ताव आहे. प्रत्येक रुग्णाला मराठीत तारीखपत्र द्यावे; त्यावर इंजेक्शनाची व तपासणीची पुढील तारीख लिहिलेली असावी. तारीख चुकलेल्या घरी आपल्या कार्यालयातून त्याच आठवड्यात दूरध्वनी जावा. आणि देणगीदारांनी आपल्या देणगीतून एखाद्या रुग्णाच्या पूर्ण वर्षाच्या औषधाचा भार उचलावा. एका इंजेक्शनाचे दान उपकारक आहेच. पण पुढचे इंजेक्शन चुकले, तर त्या दानाचेही मोल उणावते.

नातेवाईकांना एकच विनंती. औषध थांबवावेसे वाटले, तर थांबवण्यापूर्वी आम्हांला कळवा. कारण त्रासाचे असो वा पैशाचे, ते ऐकून घेणे हे या संस्थेचे कर्तव्य आहे.