चौदाव्या वर्षी संपणारी जबाबदारी

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)

शिक्षणाचा प्रश्न निघाला की आपली चर्चा एक तर गावच्या प्राथमिक शाळेवर थांबते, नाही तर एकदम विद्यापीठाकडे वळते. मधला टप्पा म्हणजे हायस्कूल. त्याकडे शासनाचे दुर्लक्ष आहेच. पण चळवळीचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक शेतमजुराच्या आणि कामगाराच्या मुलाचे पुढे काय होणार, याचा निकाल याच टप्प्यावर लागत असतो. म्हणून आज मी केवळ याविषयी बोलणार आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्या आधारे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नववीत पाऊल टाकताच तोच मुलगा हक्कदार राहत नाही. तो शासकीय योजनांचा लाभार्थी होतो. हक्क न्यायालयात मागता येतो, योजना मात्र तिजोरीतील शिलकीवर चालते.

याच्या जोडीला बालकामगार कायदा वाचा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. त्यातही कौटुंबिक व्यवसायाची पळवाट ठेवली. चौदा ते अठरा या वयात बंदी आहे ती फक्त धोकादायक कामांना. म्हणजे ज्या वयाला शाळेचा हक्क संपतो, त्याच वयाला मजुरीचे दार उघडते. हा योगायोग नव्हे.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत अशी सूचना आली होती की, सक्तीचे शिक्षण केवळ प्राथमिक शिक्षणापुरते असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये असे घटना म्हणत असेल, तर त्या वयापर्यंत त्याला शाळेत ठेवण्याची जबाबदारीही शासनाचीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाळा आणि श्रम हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र बांधले. तोच युक्तिवाद आज पुढे न्यायचा तर चौदाच्या जागी अठरा हा आकडा आला पाहिजे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते अठरा या वयाची भाषा करते. पण त्या भाषेला कायद्याचा आधार अद्याप दिलेला नाही.

या उणिवेचे परिणाम दिसत आहेत. २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात 'असर'ची पाहणी झाली. तिच्यात चौदाव्या वर्षी शिक्षणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण ३.९ टक्के, तर अठराव्या वर्षी ३२.६ टक्के आढळले. या आकड्यामागची माणसे आपल्या परिचयाची आहेत. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नववी-दहावीचे दुसरे सत्र नेमके त्याच काळात येते. मुलगा हाताशी आला म्हणून कोयता हाती घेतो. मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते आणि पुष्कळदा अकाली विवाहाने तिचे शिक्षण कायमचे संपते.

महाराष्ट्रातील हायस्कुलाची घडण समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न उलगडणार नाही. जिल्हा परिषदांनी मुख्यतः प्राथमिक शाळा चालवल्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुले आढळतात, पण इतरत्र माध्यमिक शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांच्या हाती राहिले. या संस्थांचा उगम व्यापारात नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, सरकारी उत्पन्न कष्टकऱ्यांच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतात. राजर्षी शाहूंनी वसतिगृहे उभारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४० साली साताऱ्यात श्रमाच्या बळावर शिकवणारे मोफत हायस्कूल उघडले. स्वातंत्र्यानंतर यातून एक अलिखित करार निर्माण झाला : समाजाने जागा व इमारत द्यावी, शासनाने शिक्षकांचा पगार द्यावा. खेड्यापाड्यांतील हायस्कुले या करारावर उभी राहिली.

तो करार शासनाने टप्प्याटप्प्याने मोडला. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पूर्ण कामाला अल्प मानधन हा नियम झाला. २००१ साली 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले. २००९ साली 'कायम' हा शब्द वगळला. पण अनुदान आले ते वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी, तेही आझाद मैदानावर बसल्यावर. २०१२ साली शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि त्याच वर्षी स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. एका हाताने अनुदानित शाळेतील जागा रिकाम्या ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने फीवर चालणाऱ्या शाळेला परवाना द्यायचा, असे हे धोरण आहे. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतील शिपायांच्या पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण भागासाठी तो महिना ५,००० रुपये होता. ज्या शासनाला शाळेची घंटा वाजवणारा माणूसही जड होतो, त्याने गुणवत्तेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?

परंतु मित्रहो, दोष केवळ शासनाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. अनुदान पगाराचे आणि मालकी संस्थेची, या व्यवस्थेत पुष्कळ संस्था त्यागाच्या राहिल्या नाहीत. त्या घराण्यांच्या झाल्या. शिक्षकाची नेमणूक म्हणजे देणगीचा सौदा आणि निवडणूक आली की तोच शिक्षक प्रचाराचा कार्यकर्ता, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. २०१७ मध्ये 'पवित्र' पोर्टल आले तरी संस्थांना मुलाखतीद्वारे निवडीचा पर्याय उरलाच. अनुदानासाठी मोर्चा निघतो तेव्हा त्यात शिक्षक पायी चालतो आणि त्याच्या मेहनतीवर मोठा झालेला संस्थाचालक व्यासपीठावर बसतो. अशा वेळी आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, याचे उत्तर पक्षाने दिले पाहिजे. आपलेही काही सहकारी शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. हा प्रश्न प्रथम त्यांनाच विचारला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

यास्तव आपली भूमिका दुहेरी असली पाहिजे. बारावीपर्यंतचे शिक्षण हा हक्क म्हणून कायद्याने मान्य झाला पाहिजे आणि पात्र शाळांना शंभर टक्के अनुदान मिळाले पाहिजे. त्याचबरोबर अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचे हिशेब गावापुढे उघडे असावेत, नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात आणि शाळेच्या कारभारात पालकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. स्थलांतरित मजुरांच्या मुलामुलींसाठी बारावीपर्यंत वसतिगृहे हवीत. मुलींना एस. टी. चा मोफत पास मिळतो. पण शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर पास खिशात राहतो. म्हणून गाडीचे वेळापत्रक हाही शिक्षणाचाच प्रश्न मानला पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळापद्धतीची आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली होती. ती मागणी जुनी झाली म्हणून सोडून देण्याचे कारण नाही; ती पूर्ण झालेली नाही.

आता कामाचे बोलतो. ठराव आपण पुष्कळ केले. येत्या जूनमध्ये प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची यादी करावी आणि त्यांपैकी नववीत कोण आले नाही, ते घरोघर जाऊन विचारावे. कोणी पैशाअभावी थांबले असेल, कोणी गाडीअभावी, कोणी लग्न ठरल्यामुळे. ही कारणे लिहून काढा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे, आगारप्रमुखांपुढे, आवश्यक तेथे संस्थाचालकांपुढेही मांडा. या याद्यांतून उभी राहणारी मागणी कोणत्याही सरकारला सहजासहजी टाळता येणार नाही; आणि यादी करता करता दहा मुले जरी नववीच्या वर्गात परत बसली, तरी ते काम एखाद्या मोठ्या सभेपेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही.