जुहूपासून दहिसरपर्यंत

रविवारच्या मेगाब्लॉकला पुरून उरत बोरिवली-मुलुंडहून अंधेरीला पोहोचलेल्या मैत्रिणींनो, मित्रांनो,



स्त्री-अभ्यासाची परिषद उपनगरात कशाला, असं काहींनी विचारलं. उत्तर शेजारीच, जुहूला आहे. 1974 साली नीराबेन देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात सुरू केलेलं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आज तिथेच काम करतं. देशातल्या विद्यापीठांमधलं हे असं पहिलं केंद्र.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1972मध्ये, गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. रस्ता प्रश्न विचारू लागला की विद्यापीठाला फार काळ कानांवर हात ठेवता येत नाहीत. अर्थात, ऐकणारं कुणीतरी आत असावं लागतं. नीराबेन होत्या. 1942च्या आंदोलनासाठी कॉलेज सोडणारी ही मुलगी पुढे समाजशास्त्राची प्राध्यापक झाली. आधुनिक भारतातल्या स्त्रीवरचं त्यांचं पुस्तक 1957मध्ये आलं. समाजशास्त्राला तेव्हा बाई दिसायची ती बहुधा विवाह आणि कुटुंब या प्रकरणांपुरती! 1981मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एसएनडीटीतच भरली. पुढच्याच वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली.

मला स्वतःला मात्र त्यांचं शेवटचं मोठं काम अधिक मोलाचं वाटतं. वयाची ऐंशी उलटल्यावर, 2006 साली, त्यांनी पश्चिम भारतातल्या कार्यकर्त्यांच्या कहाण्यांवर आधारित ग्रंथ दिला. मोर्चातल्या बाईचा अनुभव हेही ज्ञानच, हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, तर तिच्याच तोंडून नोंदवून ठेवलं. तो ग्रंथ काढला ‘स्पॅरो’ने. बायकांच्या आठवणी, आवाज, छायाचित्रं जपणारं हे संग्रहालय 1988 साली उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांतही नीराबेन होत्या. तेही आपल्याच उपनगरात, दहिसरला आहे. 2009मध्ये नीराबेन गेल्या. दोन्ही संस्था चालू आहेत.

दुपारच्या सत्रात निबंधवाचन आहे, त्याआधी जेवण. तेवढ्यात एक विनंती. आपल्या आईच्या, सासूबाईंच्या कपाटात मोर्चांची पत्रकं, महिला मंडळाची इतिवृत्तं, जुने फोटो असतील, तर ते रद्दीत घालू नका. नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे, आपल्याकडे काय आहे ते तिच्यात लिहून जा.